सुट्या भागांचा कॉम्प्युटर: जुळणी आधी, पैसे मागून

देवगाव फाट्याहून एका वाचक भगिनींचे सहा पानी पत्र आले आहे. परभणी जिल्ह्यात, सेलूकडून येणारा रस्ता जिंतूर-मंठा रस्त्याला जिथे मिळतो, तो हा फाटा. त्यांच्या यजमानांचे तिथे दुकान आहे. पत्राचा मजकूर थोडक्यात असा:

"ताई, माझी मुलगी सिव्हिलच्या डिप्लोमाला आहे. घरांचे नकाशे काढायला कॉम्प्युटर हवा, म्हणून मी दोन वर्षे भिशी लावली. तयार घेण्यापेक्षा सुटे भाग आणून जोडला तर तेवढ्याच पैशांत चांगला होतो, असं माझा पुण्याचा भाचा म्हणाला. त्याने फोनवर यादी पाठवली. काही सामान ह्यांनी शहरातल्या दुकानातून आणले, काही कुरियरने आले. जोडणारा मुलगा आला आणि म्हणाला, 'वैनी, रॅम बसत नाही. जोर लावू का?' मी म्हटलं, नको रे बाबा. मग त्याने त्याच्याजवळची जुनी रॅम लावून पाहिली. पंखे फिरले, दिवा लागला, पण पडद्यावर काहीच नाही. ४५ हजार रुपये डब्यांमधून पडून आहेत. सासूबाई म्हणतात, माहेरच्या माणसाचं ऐकलंस, आता भोग. हे काही बोलत नाहीत, पण जेवताना मान वर करत नाहीत. सगळे परत करून तयार कॉम्प्युटर आणावा का? आणि परत तरी घेतील का?"

पत्रासोबत त्यांनी एक वेगळा कागद जोडला होता. प्रत्येक डब्यावर जे जे अक्षर, जो जो आकडा छापलेला होता, तो सगळा सुवाच्य अक्षरांत उतरवून काढलेला. हे त्यांनी फार शहाणपणाचे केले. "कॉम्प्युटर चालत नाही" एवढेच लिहिले असते, तर मलाच काय, कुणालाच उत्तर देता आले नसते. त्या कागदावर मात्र सगळा उलगडा होता. अंक निघेपर्यंत कुरियरच्या मालाची परतीची मुदत टळली असती, म्हणून त्यांना फोनवर आधीच सांगितले. पण हा घोळ फक्त देवगाव फाट्याचा नाही. मुलांच्या शिक्षणासाठी असा कॉम्प्युटर जोडून घेणाऱ्या कितीतरी घरांत तो होतो, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

आधी एक गोष्ट मनातून काढून टाका. सुटे भाग आणून जोडणे हा काही वेडेपणा नव्हे. १९८१ साली आयबीएम कंपनीने आपला घरगुती कॉम्प्युटर काढला, तो मुख्यतः बाजारात मिळणाऱ्या भागांचाच होता, आणि त्याची रचनाही तिने जाहीर केली. तेव्हापासून निरनिराळ्या कंपन्या एकमेकींना जुळतील असे भाग करू लागल्या. आपल्या पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली 'परम ८०००' हा महासंगणक उभा केला. त्यातल्या चिपसुद्धा इनमॉस नावाच्या ब्रिटिश कंपनीच्या, विकत घेतलेल्या होत्या. मोठमोठ्या मंडळींनी जे केले ते आपण छोट्या प्रमाणावर करतो, इतकेच. मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळ लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावर, असे सुटे भाग विकणारी दुकाने ओळीने आहेत, आणि तिथे गिऱ्हाइकांची कधी वाण नसते.

फक्त हे लक्षात असू द्या, की "जुळतात" म्हणजे सगळेच सगळ्याला जुळत नाहीत. मिक्सरचे भांडे दुसऱ्या कंपनीच्या मिक्सरवर बसत नाही, आणि कुकरची रिंग नेताना आपण जुनी रिंग पिशवीत टाकून नेतो, तसेच इथेही आहे. पत्रिका पाहणारे गुरुजी आधी नाडी बघतात. नाडी आडवी आली तर बाकीचे गुण कितीही जमोत, ते मान हलवतात. पत्रिकेवर माझा स्वतःचा फारसा विश्वास नाही, पण कॉम्प्युटरला मात्र खरोखरच अशा दोन नाड्या आहेत. बाकीचे उणेअधिक पुढे सावरता येते. ह्या दोन चुकल्या, तर काही सावरत नाही.

मदरबोर्ड म्हणजे ज्यावर सगळे भाग बसतात ती मोठी हिरवी-काळी पाटी. तिच्या मध्यभागी प्रोसेसरसाठी चौकोनी घर असते, त्याला सॉकेट म्हणतात. इंटेल कंपनीच्या बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या प्रोसेसरांना 'एलजीए १७००' नावाचे सॉकेट लागते. २०२४ मध्ये आलेल्या नव्या मालिकेला 'एलजीए १८५१' लागते. एएमडी कंपनीचे २०१६ पासून 'एएम४' होते, २०२२ मध्ये 'एएम५' आले. एकाचा प्रोसेसर दुसऱ्याच्या घरात बसणे शक्य नाही. ही पहिली नाडी. आपल्या भगिनींच्या कागदावर प्रोसेसर होता इंटेलचा आय५-१२४००एफ, म्हणजे बाराव्या पिढीचा, आणि मदरबोर्ड बी७६० जातीचा, म्हणजे १७०० सॉकेटचाच. ही जोडी अगदी बरोबर होती. भाच्याला सगळेच काही चुकले नव्हते, हे सासूबाईंना अवश्य सांगावे.

दुसरी नाडी रॅमची. आज बाजारात दोन पिढ्यांची रॅम मिळते, डीडीआर४ आणि डीडीआर५. दोन्ही पट्ट्या लांबीला सारख्या, दोन्हींना २८८ सोनेरी दात. पण खालच्या कडेची खाच दोघींची वेगळ्या जागी असते, आणि तीही जेमतेम काही मिलिमीटरने. त्यामुळे पट्टी नीट बसल्यासारखी वाटते आणि बसत मात्र नाही. जोर लावला तर पट्टी किंवा बोर्डावरची खोबण तुटते. "नको रे बाबा" म्हणून आपल्या भगिनींनी काही हजार रुपये वाचवले, हे त्यांना कदाचित ठाऊकही नसेल.

एएमडीचे सोपे आहे. एएम४ ला डीडीआर४, एएम५ ला डीडीआर५. इंटेलच्या १८५१ लाही डीडीआर५ च. खरा घोळ आहे तो १७०० सॉकेटचा. ह्या प्रोसेसरांना दोन्ही प्रकारची रॅम चालते, म्हणून कंपन्यांनी एकाच नावाचे दोन-दोन बोर्ड काढले, एक डीडीआर४ चा, एक डीडीआर५ चा. काही कंपन्या नावाच्या शेवटी 'डी४' असे दोनच अक्षरांत लिहितात. भाच्याने यादीत नुसते "बी७६० बोर्ड" लिहिले. दुकानदाराने जो होता तो दिला, तो निघाला डी४. कुरियरने आली डीडीआर५. चूक तीन जणांत वाटली गेली आणि भोगायला एकटी भिशीवाली राहिली. यादी कितीही जवळच्या माणसाने दिलेली असो, बोर्डाचे नाव शेवटच्या अक्षरापर्यंत पूर्ण लिहून घ्यावे. आपण साडीवर ब्लाऊजपीस घेताना "निळा" एवढे सांगून कुणाला दुकानात पाठवतो का?

आता राहिला काळा पडदा. जुनी रॅम बसली (म्हणजे ती डीडीआर४ होती, तिथेच पहिली शंका फिटली), पंखे फिरले, तरी चित्र का नाही? प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी जे 'एफ' अक्षर आहे, त्याचे हे काम. साध्या आय५-१२४०० मध्ये चित्र दाखवण्याची सोय आतच असते. एफवाल्यात ती नसते, म्हणून तो थोडा स्वस्त मिळतो. त्याच्या जोडीला ग्राफिक कार्ड वेगळे घ्यावेच लागते. बोर्डाच्या पाठीमागे पडद्याची वायर लावायला जागा असते, त्यामुळे फसायला होते. नळ बसवलेला असतो, पण त्याला पाण्याची लाईनच जोडलेली नसते. एएमडीच्या जुन्या एएम४ प्रोसेसरांत उलटे आहे. ज्यांच्या नावाशेवटी 'जी' आहे त्यांच्यात ही सोय असते, रायझन ५ ५६०० सारख्या साध्यांत नसते. एका अक्षराची ही करामत आहे. आपल्याकडे नावापुढे 'सौ.' आहे की 'कु.', एवढ्यावरून लोक केवढे अर्थ काढतात, तसेच समजा.

भाच्याच्या मनात ग्राफिक कार्ड होते, पण ते "पुढच्या महिन्यात घेऊ" म्हणून त्याने यादीत लिहिले नव्हते. तोवर पडदा काळाच राहणार, हे सांगायला तो विसरला. तरुण मुलांना आपल्याला जे माहीत आहे ते सगळ्या जगाला माहीत असते असे वाटते!

तर मग काय परत करायचे? सगळे तर मुळीच नाही. बोर्डावर प्रोसेसर एकदा बसवून झाला होता. ह्या इंटेल सॉकेटात केसाएवढ्या बारीक पिना बोर्डावरच असतात. प्रोसेसर काढता-घालता त्यातली एक वाकली की बोर्डाची वॉरंटी गेली. शिवाय सॉकेटवर एक प्लॅस्टिकचे झाकण येते, ते पुष्कळ जण कचऱ्यात टाकतात. ते जपून ठेवावे. बोर्ड परत करताना ते नसेल तर अडवणूक होते. आपल्या भगिनींच्या जोडणाऱ्या मुलाने ते टाकले होते. म्हणून बोर्ड न हलवता रॅम बदलायची, असे ठरवले. रॅम कुरियरने आलेली, पट्टी धड, डबा शाबूत, आणि बदलून देण्याच्या मुदतीतले दोन दिवस बाकी. भावातला जो काय फरक पडेल तो सोसायचा. एक मात्र सांगते, २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव एकाएकी फार चढले. मागच्या दिवाळीला कुणी काय भावाने घेतली हे विचारत बसू नका. ज्या दिवशी घ्यायची त्या दिवशीचा भाव दोन ठिकाणी विचारावा.

प्रोसेसर बदलून साधा १२४०० घ्यावा का, हाही प्रश्न आला. डब्याचे सील फुटलेले, वर पेस्ट लागलेली. असा प्रोसेसर सहसा कुणी परत घेत नाही, आणि त्यात त्यांचा तरी काय दोष म्हणावा? तेव्हा लहानसे ग्राफिक कार्ड घेणे सरळ. मुलीला नकाशेच काढायचे आहेत, तर कार्ड तिला उपयोगीच पडेल. कॉलेजात कोणते सॉफ्टवेअर शिकवतात ते तिला विचारावे, आणि ते बनवणारी कंपनी किती रॅम, किती मेमरीचे कार्ड हवे म्हणते ते वाचून मगच घ्यावे. ऑटोकॅड शिकवत असतील तर ते विकत घेण्याची घाई नको. विद्यार्थ्यांना ती कंपनी शिक्षणापुरते फुकट वापरू देते. हे ठाऊक नसल्याने कुणाकुणाकडून चोरटी प्रत घालून घेतात आणि तिच्यासोबत व्हायरसही घरात येतो.

कार्ड बसले की पडद्याची वायर कार्डालाच लावायची, बोर्डाला नव्हे. आणि तुमच्याकडचा पडदा जुना, एमएस-सीआयटीच्या काळातला असेल, तर त्याला निळ्या तोंडाची व्हीजीए वायर असते. नव्या कार्डांना ते तोंड नसते. त्यासाठी कन्व्हर्टर मिळतो, पण पडद्याचे आणि कार्डाचे तोंड आधी बघून ठेवले तर फाट्यावरून पुन्हा शहराची खेप पडत नाही.

वीजपुरवठ्याचा डबा, म्हणजे एसएमपीएस, ह्याकडे बायकाच काय, पुरुषही लक्ष देत नाहीत. कॅबिनेटबरोबर "फुकट" मिळतो तो घेतात. मला विचाराल तर काटकसर करायची ती दुसरीकडे कुठेही करावी, इथे नको. हा डबा हलका निघाला तर जाताना बाकीच्यांना घेऊन जातो. हिशेब अवघड नाही. आय५-१२४००एफ जोरात चालला तर ११७ वॅटपर्यंत घेतो. वेगळी वायर न लागणारे लहान कार्ड बोर्डातूनच वीज घेते, ती ७५ वॅटच्या आत. बोर्ड, रॅम, डिस्क, पंखे मिळून आणखी ५०-६० धरा. बेरीज अडीचशेच्या घरात. त्यावर सढळ हाताने धरून नावाजलेल्या कंपनीचा ४५० वॅटचा घेतला की पुष्कळ झाले. नुसते "५०० वॅट" असे ठळक छापलेले, वजनाला हलके आणि आत वायरी मोजक्याच, असे डबे मिळतात. त्यांच्यावरचा आकडा मी तरी खरा धरत नाही. ह्याची वायर बोर्डाच्या दोन ठिकाणी जाते, एक चोवीस पिनांची आणि एक प्रोसेसरजवळ आठ किंवा चार पिनांची. मोठे कार्ड पुढे घ्यायचे मनात असेल तर त्याच्यासाठी सहा-आठ पिनांची वायरही आहे ना, हे आजच पाहावे.

शहरातला भाचा इथपर्यंत सांगू शकतो. पुढचे त्याला सुचणार नाही, कारण त्याच्याकडे संध्याकाळी दिवे मिणमिणत नाहीत. आपल्याकडे विजेचा दाब नावाला २३०, पण कधी १७० वर येतो, कधी गेलेली वीज एकदम उसळी मारून परत येते. म्हणून एसएमपीएसच्या अंगावरची चिठ्ठी वाचावी. १०० ते २४० व्होल्ट लिहिलेला असेल तर कमी दाबातही तग धरतो, २०० ते २४० लिहिलेला आधी मान टाकतो.

त्याच्यामागे यूपीएस. त्यावर ६०० व्हीए लिहिलेले असले तरी तो ६०० वॅट नव्हे, साधारण ३६० वॅटचा असतो. आपल्या अडीचशेला आणि पडद्याच्या वीस-तीसला तो पुरतो. त्यावर चित्रपट बघायचा नसतो. नकाशा जतन करून कॉम्प्युटर नीट बंद करायला मिळणारी ती काही मिनिटे आहेत, हे मुलांना बजावून ठेवा. घरात इन्व्हर्टर आहे म्हणून यूपीएस घेत नाहीत, तिथेही जुळणी पाहायला हवी. स्वस्त, जुन्या इन्व्हर्टरची वीज चौकोनी लहरीची असते, ती चांगल्या प्रतीच्या काही एसएमपीएसना मानवत नाही, आणि वीज गेल्याबरोबर कॉम्प्युटर बंद पडतो. साइन वेव्हचा इन्व्हर्टर असेल तर मागचे बटण 'यूपीएस'वर करून बघा. पुष्कळदा तेवढ्याने काम होते.

आणि अर्थिंग! कॅबिनेटच्या लोखंडाला हात लागला की मुंग्या आल्यासारखे होते, असे कितीजणी हसत हसत सांगतात. हसण्यावारी नेऊ नका. बोर्डाच्या तिसऱ्या भोकात वायरच जोडलेली नसते, किंवा तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या बोर्डात बसवलेला असतो, त्याचा हा परिणाम. कॉम्प्युटर यायच्या आधी वायरमनला बोलावून त्या एका पॉइंटचे अर्थिंग तपासून घ्यावे. खर्च थोडा येतो. लाखाचा टीव्ही आणि फ्रिजही त्याच घरात आहेत, तेव्हा सगळ्यांचेच भले.

उरलेले भाग त्या मानाने गरीब आहेत. कॅबिनेट आणि बोर्डाची मापे तीन. मोठा एटीएक्स ३०५ बाय २४४ मिलिमीटर, मधला मायक्रो २४४ बाय २४४, लहानगा मिनी १७० बाय १७०. मोठ्या कॅबिनेटात लहान बोर्ड बसतो, उलटे होत नाही. पोराचा सदरा आणि बापाचा सदरा. ग्राफिक कार्डाची लांबी तेवढी कॅबिनेटच्या माहितीत ताडून पाहावी.

डिस्क म्हणून आता च्युइंगगमच्या पट्टीएवढी एम.२ एसएसडी येते. तिच्यावर २२८० असा आकडा दिसेल, तो किमतीचा किंवा शक्तीचा नव्हे. २२ मिलिमीटर रुंद आणि ८० लांब, एवढाच अर्थ. ह्यात एनव्हीएमई आणि साटा असे दोन प्रकार आहेत आणि दिसायला बहिणी-बहिणी. नवे बोर्ड बहुधा एनव्हीएमई मागतात, पण बोर्डाच्या पुस्तिकेत पाहूनच घ्यावी. लॅपटॉपची रॅम लांबीला निम्मी असते, ती ह्यात चालत नाही. हेही लिहिते, कारण कुणीतरी "आमच्या जाऊबाईंच्या लॅपटॉपमधली जादा आहे" म्हणून द्यायला येतेच.

पंख्याचे एक राहिले. इंटेलचा १२४००एफ पेटीबंद घेतला तर सोबत पंखा मिळतो आणि कंपनीची तीन वर्षांची हमी मिळते. 'ट्रे पीस' म्हणून सुटा घेतला तर थोडा स्वस्त पडतो, पण पंखा नाही आणि हमी विकणाऱ्याच्या शब्दावर. परभणीकडे वैशाखात पारा चाळिशीच्या वर जातो. तिथे पंख्याशी खेळ नको. कॅबिनेट बंद कपाटात, भिंतीला टेकवून किंवा पत्र्याखालच्या खोलीत पश्चिमेच्या भिंतीशी ठेवू नये. फाट्यावर दिवसभर गाड्यांची धूळ. जमिनीवर ठेवले तर पंखे ती सगळी ओढून घेतात. टेबलावर ठेवा, महिन्या-दोन महिन्यांनी प्लग काढून, कोरड्या मऊ ब्रशने जाळ्या झटका. ओले फडके चुकूनही नको. आणि आतल्या भागांना हात लावायची वेळ आली, तर नायलॉनची साडी नेसून, थंडीच्या कोरड्या दिवसांत तर नकोच. आधी कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावून मग पट्टी उचलावी. साडीची चटचट आपल्याला नुसती चटका देते, रॅमचा जीव घेते.

आता पत्रातला शेवटचा प्रश्न, परत घेतील का. इथे एक बारीक गोष्ट आहे आणि तीच बहुतेक जणींना माहीत नसते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत परत घ्यायला नकार देणे, ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिलावर "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" असे छापले म्हणून दुकानदार त्यातून सुटत नाही. पण लक्षात घ्या, सदोष माल. डीडीआर५ ची ती पट्टी सदोष नव्हती. चांगली धडधाकट होती, फक्त आपल्या बोर्डाला जुळत नव्हती. तिथे कायद्याचा आधार पातळ होतो आणि दुकानदाराच्या मर्जीचा प्रश्न येतो.

ह्यावर माझा उपाय साधा आहे. पैसे देण्याआधी सगळ्या भागांची पूर्ण नावे एका कागदावर लिहावीत आणि दुकानदाराला विचारावे, "भाऊ, हे सगळं एकमेकांना जुळतं ना? मग बिलावर तेवढं लिहून द्या, की जुळलं नाही तर आठ दिवसांत बदलून देऊ." चांगला दुकानदार लिहून देतो. का-कू करू लागला तर आपल्याला काय ते समजते. शक्यतो बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम हे तिघे एकाच दुकानातून, एकाच बिलावर घ्यावेत. दोन-चारशे रुपये जास्त गेले तरी चालतील. मग "ती चूक आमची नाही, त्यांची" हा खेळ होत नाही. बिल जीएसटीचे पक्के हवे आणि त्यावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर हवा, नाहीतर वॉरंटीच्या वेळी हात चोळत बसावे लागते. कुरियरचा डबा उघडताना मुलाबाळांकडून फोनवर व्हिडिओ काढून ठेवावा. तरीही कुणी ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

दुकानात "तुम्हाला काय कळतं त्यातलं, साहेबांना पाठवा" असे ऐकून घ्यावे लागते, अशी तक्रार पूर्वीही दोघींनी केली होती. अशा वेळी वाद घालू नये. "बोर्ड डी४ आहे का डी५?" एवढेच शांतपणे विचारावे आणि उत्तराची वाट पाहावी.

तयार कॉम्प्युटर वाईट असतो असे मी म्हणत नाही. घरात कुणालाच हौस नसेल, जोडणारा भरवशाचा नसेल, तर एका कंपनीचा, एका हमीचा तयार डबा घेऊन मोकळे व्हावे. सुट्या भागांचा फायदा पुढे कळतो. रॅम वाढवायची, डिस्क वाढवायची, बिघडला तो एकच भाग बदलायचा, हे त्यात सोपे जाते. आणि कुणी नातलग "आमचा जुना घेऊन जा" म्हणाले तर भिडेखातर एकदम हो म्हणू नका. विंडोज १० ला मिळणारी कंपनीची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली, आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या प्रोसेसरांना अधिकृतपणे चालत नाही. दहा वर्षांचा जुना आणून त्यावर पुन्हा खर्च करणे म्हणजे म्हाताऱ्या बैलाला नवी झूल.

देवगाव फाट्याची रॅम बदलून आली. कार्ड आणायला ह्या वेळी मुलगी आणि आई दोघी गेल्या, कागद बरोबर घेऊन. भगिनींचे दुसरे पत्र परवा आले, एकच पानी. पडदा लागला आहे. मुलीने पहिला नकाशा स्वतःच्याच घराचा काढला. त्यात सासूबाईंची खोली मोजून दोन फूट मोठी दाखवली, म्हणून तिकडून आता तक्रार नाही. विचारले आहे ते एवढेच, की कॅबिनेटमधून मधूनच टर्रर्र असा आवाज येतो, काही बिघडले का? बहुतेक नाही. आतली एखादी वायर पंख्याच्या पात्याला लागत असेल. कॉम्प्युटर बंद करा, प्लग काढा, बाजूची पट्टी उघडून बघा आणि वायर मागे घेऊन प्लॅस्टिकच्या टायने बांधून टाका. दोऱ्यानेसुद्धा चालेल.